हिगुची इचियो आणि दोन येनांचा हिशेब

हिगुची इचियो या जपानी लेखिकेबद्दल जे काही वाचायला मिळतं, त्यात पहिल्या चार ओळींतच हळहळ सुरू होते. चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. जन्मभर पैशाची चणचण. ठरत आलेलं लग्न मोडलं. ज्याच्यावर जीव होता त्याच्या घरी जायचीही चोरी झाली. हे सगळं खरं आहे आणि वाचताना पोटात तुटतं. पण हळहळून झालं की पुस्तक मिटतं आणि तिने नेमकं काय लिहिलं ते वाचायचं राहून जातं. मला त्याचं वाईट वाटतं. मी वाचलेल्या लेखकांत पैशाकडे इतक्या जवळून पाहणारं दुसरं कोणी मला भेटलेलं नाही. कुणी कुणाकडून किती घेतले, व्याज आधी कापलं की नंतर, फेडायची मुदत कधीची, आणि त्या आकड्यापायी घरातलं कोण गप्प बसलं, हे तिला ठाऊक असतं.

मी दुकान चालवते. वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून, सासऱ्यांनी घातलेलं. किराणा, कटलरी, वह्या-पेनं, चतुर्थीच्या दिवसांत माटवीचं सामान. गल्ल्यावर मी बसते आणि उधारीची वही माझ्या हातची असते. लेक पुण्याला जपानी शिकली, तिथेच दुभाष्याचं काम करते. तिच्यामुळे इचियो आमच्या घरात आली. आधी पाच हजार येनांच्या नोटेवरचा चेहरा म्हणून आणि मग रॉबर्ट डॅन्ली यांनी १९८१ साली केलेल्या इंग्रजी अनुवादातून. इंग्रजी मी सावकाश वाचते. डायरीतले काही भाग लेकीने फोनवर मराठीत सांगितले, ते मी जुन्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतले आहेत.

तिचं घरातलं नाव नात्सु. जन्म टोकियोत, २ मे १८७२ चा. वडील नोरियोशी मूळचे काई प्रांतातले, म्हणजे आजच्या यामानाशीतले शेतकरी. गाव सोडून शहरात आले, राबले, साठवलं आणि १८६७ साली त्या पैशातून सामुराईचा खालच्या पायरीचा दर्जा विकत घेतला. पुढच्याच वर्षी शोगुनांची, म्हणजे लष्करी सरदारांची, राजवट गेली, मेइजी काळ सुरू झाला आणि काही वर्षांत सामुराई हा वर्गच मोडीत निघाला. माणसाने वर्षानुवर्षांची कमाई ओतून एक गोष्ट घ्यावी आणि लगेच तिचा बाजारच उठावा. या घराचं पुढचं सगळं मला इथून सुरू झालेलं दिसतं.

वर्गात पहिली असताना, अकराव्या वर्षी आईने तिची शाळा सोडवली. मुलींनी फार शिकणं बरं नव्हे, असं आईचं मत. वडिलांना मुलीची बुद्धी दिसत होती. त्यांनी १८८६ साली तिला नाकाजिमा उताको या कवयित्रीच्या 'हागिनोया' या काव्यशाळेत घातलं. तिथे येणाऱ्या बऱ्याच मुली बड्या घरच्या. त्यांच्यात ही जुन्या कपड्यांत बसायची आणि कविता मात्र त्यांच्याहून सरस करायची. १८८७ साली मोठा भाऊ गेला. वडिलांनी मालवाहू गाड्यांच्या धंद्यात पैसे घातले, ते बुडाले, आणि जुलै १८८९ मध्ये वडीलही गेले. घरची ओढगस्त पाहून सोयरीक मागे फिरली. दुसरा भाऊ आधीच वेगळा निघालेला. सतरा वर्षांची नात्सु कुटुंबप्रमुख झाली. घरात आई ताकी, धाकटी बहीण कुनी आणि वडिलांची देणी. तिघी मिळून शिवण शिवायच्या, लोकांचे कपडे धुवायच्या.

त्याच काव्यशाळेतल्या मियाके काहो या मैत्रिणीची कादंबरी १८८८ साली छापून आली होती आणि तिला ३३ येन मिळाले होते. शिवणाच्या पैशांत हातातोंडाची गाठ न पडणाऱ्या मुलीला तो आकडा कसा दिसला असेल! नात्सुने कथा लिहायला घेतल्या त्या पैसे मिळतील म्हणून. हे सांगताना काहींना अवघड वाटतं, जणू त्याने लेखनाची किंमत कमी होते. मला तसं अजिबात वाटत नाही. घर चालवायला ती उभी राहिली आणि हाताशी असलेलं सगळ्यात धारदार हत्यार तिने उचललं.

नाकाराई तोसुई हा असाही शिम्बुन या वर्तमानपत्रातला लेखक तिचा पहिला मार्गदर्शक. त्याच्याच मासिकात मार्च १८९२ मध्ये तिची पहिली कथा आली. लोक बोलू लागले आणि काही महिन्यांत तिला त्याच्याकडे जाणं थांबवावं लागलं. डायरीत त्याच्याविषयी पानंच्या पानं आहेत, चरित्रकारांनीही तितकीच लिहिली आहेत, म्हणून मी इथे थांबते. त्याच वर्षाअखेरीस 'उमोरेगी' ही कथा एका नावाजलेल्या मासिकाने घेतली आणि तिला ११ येन ७५ सेन मिळाले. एवढ्यावर तीन माणसांचं घर चालणार नव्हतं.

मग तिने दुकान घातलं.

जुलै १८९३. शहराच्या ज्या भागात कुणी ओळखीचं भेटू नये अशा ठिकाणी, र्यूसेनजी नावाच्या वस्तीत, चाळवजा घरात. ही वस्ती योशिवाराच्या कडेला. योशिवारा म्हणजे तेव्हा सरकारी परवान्याने चालणारी वेश्यावस्ती, आणि आसपासच्या साऱ्या लोकांचं पोट त्या वस्तीवर. दुकानात घरगुती किरकोळ सामान, पोरांसाठी स्वस्त मिठाया आणि खेळणी. कुनी दुकानात बसायची आणि घाऊक बाजारातून माल आणायला नात्सु जायची. गिऱ्हाइकं म्हणजे मुठीत एखादं नाणं घट्ट धरून येणारी पोरं.

तिथे राहायला गेल्यावर अगदी पहिल्या काही दिवसांतली डायरीतली एक नोंद लेकीने वाचून दाखवली तेव्हा मी तिला ती पुन्हा वाचायला लावली. घरासमोरून योशिवाराकडे जाणाऱ्या रिक्षा नात्सुने मोजल्या. माणसाने ओढायच्या रिक्षा. दहा मिनिटांत ७५. म्हणजे तासाला पाचशेच्या आसपास जात असतील, असा हिशेबही तिने तिथेच मांडला. काव्यशाळेत चंद्रावर आणि चेरीच्या फुलांवर कविता करणारी मुलगी नव्या घराच्या दारात बसून वाहनं मोजते! ही नजर मला ओळखीची आहे. मे महिन्यात शिरोड्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या मी मोजते. दुकान रस्त्यावर असलं की रस्ता कुणासाठी चालतो आणि त्यातला कोण आपल्या दारात थांबणार नाही, हे कळून घ्यावंच लागतं.

दुकान दहा महिने चाललं. मे १८९४ मध्ये बंद केलं. चरित्रांत याला अपयश म्हणतात. धंदा म्हणून ते होतंच. पण त्या दहा महिन्यांत गल्ल्यापलीकडून तिने जे पाहिलं ते 'ताकेकुराबे' या तिच्या सगळ्यात गाजलेल्या कथेत आलं. योशिवाराच्या कडेला वाढणाऱ्या मुलांची ही कथा. मिदोरीची मोठी बहीण तिथली नामांकित गणिका, म्हणून मिदोरीच्या हातात पैसा खुळखुळतो. वर्गातल्या वीस मुलींना ती एकसारखे रबरी चेंडू वाटते. शोता हा सावकारीण आजीचा नातू, रोजच्या रोज वसुलीला फिरतो, आणि लोक आपल्याला पाहून मनात काय म्हणत असतील हे त्या कोवळ्या मुलाला कळतं. शिन्न्यो हा मठाधिपतीचा मुलगा. त्याच्या बापाने देखण्या मुलीला चहाच्या दुकानात बसवलंय, जत्रेत त्याची आई केसांत माळायच्या पिना विकते, आणि मुलाला या सगळ्याची लाज वाटते. कुणाच्या घरात पैसा कुठल्या वाटेने येतो हे प्रत्येक पोराला माहीत आहे, आणि त्यावरून त्यांची मैत्री, भांडणं, गप्प बसणं ठरतं. मिदोरीचं पुढे काय होणार हेही सगळ्यांना माहीत आहे. उघडपणे कुणी बोलत नाही.

पावसात शिन्न्योच्या खडावेचा पट्टा तुटतो तो नेमका मिदोरीच्या दारासमोर. ती आतून लाल रेशमी कापडाचा तुकडा त्याच्याकडे टाकते. तो उचलत नाही. दुसऱ्याच पोराच्या खडावा घालून निघून जातो आणि कापड चिखलात पडून राहतं. दोघंही एक शब्द बोलत नाहीत. इतकं तरुण आणि इतकं कठोर लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही.

पण मला सगळ्यात जवळची कथा 'ओत्सुगोमोरी', वर्षाच्या शेवटच्या दिवसाची. ती डिसेंबर १८९४ मध्ये 'बुंगाकुकाई' मासिकात आली, दुकान बंद केल्यानंतर सातव्या महिन्यात. ओमिने ही मोलकरीण. तिला वाढवणारा मामा भाजी विकायचा, तो आजारी पडलाय. त्याचा आठ वर्षांचा मुलगा दारोदार शिंपल्या विकतो. (आमच्याकडे खाडीतल्या तिसऱ्या घेऊन येणारी पोरं डोळ्यांसमोर आली, तशाच.) मामाने सावकाराकडून तीन महिन्यांच्या मुदतीने दहा येन काढलेत. दीड येन व्याज आधीच कापून हातात आले साडेआठ. आता मुदत संपली. मुद्दल फेडता येत नाही, निदान पुढच्या व्याजाचे दीड येन भरून मुदत वाढवायची आहे, आणि पोराला नव्या वर्षाचे तांदळाचे मोची खायला घालायला थोडे. एकूण दोन येन. ओमिने मालकिणीकडे मागते, मालकीण हो म्हणते आणि ऐन दिवशी फिरते. घरात वीस येनांचं पुडकं खणात आहे. ओमिने त्यातल्या दोन नोटा काढते.

बघा, या बाईने कथेत व्याजाचा दरच घातलाय. साडेआठ हातात, तीन महिन्यांचे दीड. महिन्याला शेकडा जवळजवळ सहा पडतो. तो आकडा ज्याला काढता येतो त्याला ओमिनेच्या मामाचं घर दिसतं. नुसतं 'मामा कर्जात बुडाला होता' असं लिहिलं असतं तर मी पान उलटून पुढे गेले असते. आमच्या वाडीत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. काजूचे पैसे तोवर शाळेच्या वह्यांत आणि कौलांच्या डागडुजीत गेलेले असतात. त्या दोन महिन्यांत माझी वही भरत जाते. "लिवन ठेव गो बाय, चवतीक झील येतलो, तेवा देतंय." मुंबईहून मुलगा येतो तेव्हा देतातही. नाही आला तर वाट बदलून दुसऱ्या दुकानात जातात, आणि मला त्या वळणावर उभी दिसलेली माणसं ओळखू न आल्यासारखं करावं लागतं. हे सगळं इचियोला माहीत होतं. माहीत असणं आणि ते दोन नोटांत बसवून दाखवणं, या दोन गोष्टींमधलं अंतर तिने बाविसाव्या वर्षी पार केलं.

'निगोरिए' मध्ये ओरिकी ही दारूच्या घरात बसणारी बाई आपल्या लहानपणची एक आठवण सांगते. सातव्या वर्षी, कडाक्याच्या थंडीत, आईने हातात पैसे देऊन तांदूळ आणायला पाठवलं. परत येताना बर्फावर पाय घसरला आणि तांदूळ गटारात गेले. घरात दुसरं काही नव्हतं. कुणी तिला मारलं नाही, कुणी काही बोललंही नाही. त्या घरातल्या शांततेवर मी थांबले आणि पुस्तक बराच वेळ उघडंच ठेवून बसले. माझ्या दुकानातून निघालेल्या एका पोराच्या हातातून भर पावसात साखरेचा पुडा रस्त्यावर फुटला होता, आणि ते पोर रडायचं सोडून साखर गोळा करायला वाकलं होतं. मी दुसरा पुडा दिला. ओरिकीला कुणी दिला नाही.

'ज्यूसानया', म्हणजे तेराव्या रात्रीची कथा, डिसेंबर १८९५ ची. मोठ्या अधिकाऱ्याला दिलेली ओसेकी छळाला कंटाळून रात्री माहेरी येते. घटस्फोट घेऊन द्या म्हणते. आईचं काळीज फाटतं. बाप मात्र हिशेब मांडतो. धाकट्या भावाची नोकरी जावयाच्या शब्दावर आहे, घरावर त्याचे उपकार आहेत, आणि मूल सोडून यावं लागेल. रडायचंच असेल तर त्या घरची बायको म्हणून रड, असं तो समजावतो, आणि ओसेकी परत जाते. बाप दुष्ट नाही. तोही रडतो. इचियोने त्याला दुष्ट केलं असतं तर कथा सोपी झाली असती. काही वर्षांआधीच मुंबईत रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात नाही म्हटलं होतं, १८८४ ते १८८८ तो खटला गाजला. ओसेकीकडे कोर्टापर्यंत जाण्याएवढीही जागा नाही, कारण तिच्या एका 'नाही'ला भावाचा पगार बांधलेला आहे.

दुकान मिटवल्यावर तिघी मारुयामा-फुकुयामा भागात राहायला गेल्या. शेजारी दारूच्या नावाखाली चालणारी, विनापरवाना घरं. तिथल्या बायकांना लिहिता येत नसे. इचियो त्यांची पत्रं लिहून द्यायची. मी लहान असताना आमच्या वाडीतल्या बायका मुंबईत गिरणीत असलेल्या नवऱ्यांना माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायच्या. म्हैस व्याली, कौलं फुटली, सासूचा गुडघा दुखतो, पैसे पाठवा. आणि मग थोडं थांबून, पोस्टकार्डाच्या कडेला बसेल एवढं काहीतरी, जे मला तेव्हा समजायचं नाही. दुसऱ्याचं पत्र लिहिणाऱ्याला माणसाचं सांगायचं कुठे अडतं ते कळतं. इचियोच्या कथांत बोलणं आणि निवेदन अवतरणचिन्हांशिवाय एकमेकांत मिसळून वाहतं. कोण बोललं आणि कोण नुसतं मनात म्हणालं ते कानाने ओळखायचं. भाषा जुनी, दरबारी गद्याच्या वळणाची, इतकी की आजचे जपानी वाचकही अनेकदा सोप्या केलेल्या आवृत्तीतून वाचतात. विषय मात्र गटाराकडेचे. आणि तिच्या हयातीत पुस्तक म्हणून छापून आलेलं एकच: १८९६ सालचं, पत्रं कशी लिहावीत याचं मार्गदर्शक.

त्याआधी, १८९४ साली, पैशाच्या शोधात ती कुसाका योशिताका नावाच्या एका भविष्यवेत्त्याकडे गेली होती. त्याने मदतीची तयारी दाखवली, बदल्यात तिने त्याची ठेवलेली बाई व्हावं, असं सुचवलं. तिने झिडकारलं आणि डायरीत संतापून लिहिलं. पुढे जानेवारी १८९६ मध्ये 'वाकारेमिची' कथेत तिने ओक्यो नावाची शिवणकाम करणारी मुलगी उभी केली, जी हाच देकार स्वीकारून निघून जाते. इचियोने तिला नावं ठेवली नाहीत. स्वतः नाकारलेल्या वाटेने जाणाऱ्या बाईला तिने इतक्या आदराने वागवलं, यासाठी माझे तिच्यापुढे हात जोडलेले आहेत.

डिसेंबर १८९४ ते जानेवारी १८९६, या चौदा महिन्यांत हे सगळं लिहून झालं. १८९६ च्या वसंतात 'ताकेकुराबे' एकत्र छापून आली आणि मोरी ओगाई, कोदा रोहान यांच्यासारख्या मोठ्या लेखकांनी तिला डोक्यावर घेतलं. लोक घरी भेटायला येऊ लागले. डायरीत ती लिहिते की दहातले नऊ जण फक्त बाई लिहिते म्हणून बघायला येतात. २३ नोव्हेंबर १८९६ रोजी ती गेली. होंगो भागातल्या इसेया या ज्या गहाणवट्याकडे तिचे कपडे सतत पडून असायचे, त्या दुकानाच्या मालकाने घरी एक येन पाठवला. ही नोंद मला तिच्यावरच्या सगळ्या गौरवलेखांहून मोठी वाटते. देणंघेणं करणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक कोण होतं ते कळलं होतं. इसेयाची ती इमारत अजून उभी आहे.

डायरी टिकली ती कुनीमुळे. बहिणीचा कागद न् कागद तिने जपला आणि १९१२ साली डायरी छापली गेली. जी दुकानात बसायची तीच. २००४ पासून वीस वर्षं इचियोचा चेहरा नोटेवर होता. २०२४ च्या जुलैत नवी नोट आली, तीवर मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या त्सुदा उमेको आहेत.

आमच्या बचत गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर मी ओमिनेची गोष्ट सांगितली. येनाच्या जागी रुपये म्हटलं, बाकी काही बदललं नाही. गटाचा दर शेकडा दोन, त्यामुळे साडेआठ आणि दीड ऐकताच हिशेब ठेवणारी म्हणाली, "म्हणजे म्हयन्याक शेकडा सा!" आणि सगळ्या सरसावून बसल्या. मग शेवट सांगितला. मालकाचा उनाड मुलगा त्याच खोलीत झोपलेला असतो. रात्री खण उघडतात तेव्हा उरलेले अठराही नाहीत, खणातले मीच उचलले अशी त्याची चिठ्ठी आहे, आणि ओमिने वाचते. तो जागा होता का? त्याने तिला पाहिलं होतं का? इचियो सांगत नाही, पुढचं कळायला हवं होतं, एवढंच म्हणते.

अर्ध्या जणी म्हणाल्या त्याला ठाऊक होतं. अर्ध्या म्हणाल्या, उनाड तो उनाड, स्वतःसाठीच घेतले. गटातली सगळ्यात वयस्क बाई, जिने जन्मभर दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी केली, ती काहीच बोलेना. चपला घालताना मला विचारलं, "आणि त्या मामाचे दहा रुपये फिटले काय गो?" मुद्दल तसंच बाकी होतं. मी तेच सांगितलं. ती म्हणाली, मग पुढच्या तीन महिन्यांनी ते चेडू काय करतलं? पुढच्या बैठकीत आधी त्यावर बोलायचं ठरलं आहे.